घरामागचं वर्कशॉप: आधी जमीन, मग वायर, मग पान्हे

जुनी जीप, येझदी किंवा चेतक घरीच उघडून पुन्हा उभी करायची, असं ज्याच्या मनात येतं तो सगळ्यात आधी दुकानात जाऊन पान्ह्यांचा सेट घेऊन येतो. माझं सांगणं नेमकं उलटं आहे. पहिला पैसा जमिनीत घाला, दुसरा अर्थिंगमध्ये आणि केबलमध्ये. पान्हे जसे लागतील तसे एकेक घेता येतात. कोबा आणि जमिनीखालून गेलेली केबल मात्र एकदाच होते. ती चुकली तर पुढं आयुष्यभर त्या चुकीच्या भोवतीनं काम करावं लागतं.

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवला. निवृत्त झाल्यावर कोल्हापूरजवळ कळंब्याकडं आमच्या घरामागं पुतण्याबरोबर १४ बाय २२ फुटांची शेड उभी केली. सध्या तिच्यात महिंद्राची सीजे-थ्रीबी जीप उघडून ठेवलेली आहे. खालचे आकडे त्या शेडचे आहेत. तुमची माती वेगळी असेल, मीटरपासूनचं अंतर वेगळं असेल, तेवढे आकडे बदलून घ्या.

आणि हे आधीच सांगतो: वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. मी हे सगळं लिहितोय ते तुम्ही स्वतः वायर ओढावी म्हणून नाही. ठेकेदारापुढं बसल्यावर काय मागायचं आणि झालेलं काम कसं तपासायचं, एवढं तुम्हाला कळायला हवं.

मोजमाप

सीजे-थ्रीबीचा व्हीलबेस ८० इंच, पूर्ण लांबी साधारण ११ फूट, रुंदी पावणेसहा फुटांच्या आत. कागदावर १० बाय १५ ची शेड पुरते. पण चासीखाली उताणं सरकायचं म्हटलं की दोन्ही बाजूंना चार-चार फूट लागतात, म्हणजे १४ फूट रुंदी झाली. पुढं रेडिएटर आणि इंजिन ओढायला चार फूट, मागं बाकड्याला अडीच फूट आणि त्यापुढं माणसाला उभं राहून वळायला जागा, म्हणजे २२ फूट. शिवाय उघडलेली गाडी जुळलेल्या गाडीच्या दुप्पट जागा खाते. बॉडी एकीकडं, चासी दुसरीकडं, आणि मधल्या काळात दोन्ही एकाच छपराखाली राहायला हवीत. फक्त दुचाकी करायची असेल तर १० बाय १२ मध्ये आरामात भागतं.

उतरत्या बाजूला ९ फूट आणि चढत्या बाजूला १२ फूट उंची ठेवा, कारण पुढं चेन ब्लॉक (साखळीनं वजन उचलायची कप्पी) लावायचा आहे. शटर १० फूट रुंद. छपरात दोन-तीन पारदर्शक पत्रे आणि एक टर्बो व्हेंटिलेटर घाला. पत्र्याच्या शेडलाही ग्रामपंचायतीची किंवा पालिकेची परवानगी लागते, ती आधी काढा.

जमीन

आमच्याकडं काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं तर दोन पावसाळ्यांत स्लॅब मधोमध तडकतो. त्यामुळं दोन फूट काळी माती काढून टाकायची. त्या जागी सहा-सहा इंचांचे मुरमाचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसून घ्यायचा. त्यावर दगडी सोलिंग, सोलिंगच्या पोकळ्या मुरमानं भरून पुन्हा धुमस, मग तीन इंच पीसीसी, म्हणजे सळईशिवायचं साधं काँक्रीट. पीसीसीवर जाड काळं प्लास्टिक अंथरा म्हणजे खालची ओल वर येणार नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात खालून ओल आली की हत्यारांना गंज चढतो, मग तुम्ही तेल लावत बसा नाहीतर काही करा.

वरचा स्लॅब एम-२० काँक्रीटचा, पाच इंच जाड, ८ मिमी सळईची जाळी आठ-आठ इंचांवर. घरासाठी हे जास्त वाटेल. पण इथं वजन चाकांवर नसतं. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवली की हजार-बाराशे किलो चार ठिकाणी येतात, आणि घोडीचे पाय रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर टेकतात. त्यामुळं शहाबादी फरशी नको, टाइल्स तर नकोतच. फरशी एका कोपऱ्यात पिचली की घोडी कलते, आणि त्या क्षणी खाली माणूस असतो. पृष्ठभागाला ट्रिमिक्स (यंत्रानं काँक्रीटमधलं जादा पाणी ओढून घेणं) करून घ्या, नाहीतर हार्डनर टाकून घोटून घ्या, म्हणजे सरपटणारी खुर्ची (उताणं पडून चासीखाली जायची चाकांची फळी) आणि जॅक दोन्ही नीट फिरतात. उतार शटरच्या दिशेनं, आठ फुटांना एक इंच. त्याहून जास्त दिलात तर जॅकवरची गाडी घरंगळायला बघते.

काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी चार गोष्टी जागेवर आहेत का, ते स्वतः वाकून बघा.

पहिली म्हणजे हूक. मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर, शेडच्या बरोबर मध्यावर, २० मिमी सळईचा यू आकाराचा हूक खालच्या जाळीला बांधून घ्या. त्याच्याभोवती चार इंची पाइपचा तुकडा उभा ठेवा म्हणजे हूक जमिनीच्या पातळीच्या आत राहील आणि पायाला लागणार नाही. तुमची प्रोजेक्टची गाडी चालत येणार नाही, तिला ओढून आणावं लागणार आहे. या हुकाला हातपुलर (हातानं दांडा मारून गाडी खेचायचं साधन) अडकवला की एकटा माणूस जीप आत घेतो.

दुसरी, भिंतीकडून मध्यापर्यंत एक इंची दोन रिकामे पाइप. आज काही घालायचं नसलं तरी टाका आणि दोन्ही तोंडं बंद करा. पुढं गाडीच्या शेजारी पॉइंट हवासा वाटला तर स्लॅब फोडावा लागणार नाही. तिसरी, अर्थिंगची २५ बाय ३ मिमीची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी शेडच्या लोखंडी खांबांना जोडून बाहेर काढलेली असावी. चौथी, मुख्य केबलचा पाइप, त्याला मोठ्या त्रिज्येचा बाक द्या, कारण आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल काटकोनात वळत नाही.

स्लॅबला किमान दहा दिवस पाणी मारा आणि महिनाभर घोडी टेकवू नका. बाहेरून आत येणारा चढ सौम्य हवा, फुटाला दीड इंचापेक्षा जास्त नको.

खाली उतरायचा खड्डा करू का, असं बरेच जण विचारतात. घरच्या वर्कशॉपमध्ये करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरकत खड्ड्यात जाऊन साठते, आणि मग हातातला दिवा किंवा ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. चार मजबूत घोड्या आणि सरपटणारी खुर्ची यांवर खड्ड्याची सगळी कामं होतात.

वीज किती लागणार

वेल्डिंग मशीनवर ठळक अक्षरात २०० ॲम्पिअर लिहिलेलं असतं. तो आकडा रॉडच्या टोकाचा. मीटरकडून ते किती ओढणार, हे वेगळं काढावं लागतं. ३.१५ मिमीचा रॉड साधारण १२० ॲम्पिअरवर चालतो आणि त्या वेळी आर्कवर २५ व्होल्टच्या आसपास दाब असतो. १२० गुणिले २५ म्हणजे ३००० वॅट. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत सुमारे ३५०० वॅट जातात. साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा) ०.७ धरा, म्हणजे ५००० व्होल्ट-ॲम्पिअर. २३० नं भागा, २२ ॲम्पिअर आले. हाच हिशेब २.५ मिमीच्या रॉडला ८० ॲम्पिअरवर केला तर १३ ते १४ येतात. म्हणजे बारीक रॉड १६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर कसाबसा चालेल, जाड रॉडला ३२ ॲम्पिअरचा स्वतंत्र पॉइंट हवाच.

दोन एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर चालताना १० ॲम्पिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. वेल्डिंग, कॉम्प्रेसर, पंखा आणि दिवे एकदम चालू धरले की ३५ ॲम्पिअरच्या घरात जातो. घराचा वापर त्याशिवाय. त्यामुळं महावितरणकडं अर्ज करून मंजूर भार वाढवून घ्या. त्याच वेळी थ्री फेज मिळत असेल तर घ्या, भार तीन फेजांवर वाटला जातो आणि पुढं थ्री फेज मोटरचं मशीन मिळालं तर अडत नाही.

घरगुती मीटरवर स्वतःच्या गाडीचं काम करा. पैसे घेऊन लोकांच्या गाड्या करायला लागलात तर वेगळी जोडणी घ्या. घरगुती दराच्या मीटरवर धंदा सापडला तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणं दुप्पट दरानं आकारणी होते.

मीटरपासून शेडपर्यंत

आमचं अंतर २५ मीटर. प्रवाह जाऊन परत येतो, त्यामुळं तारेची लांबी ५० मीटर धरायची. घराच्या मागच्या खोलीतल्या सॉकेटवरून २.५ चौरस मिमीची वायर ओढली तर तिचा रोध ०.३७ ओहम होतो. ३० ॲम्पिअरला ११ व्होल्ट वाटेतच गेले, कॉम्प्रेसर सुरू होताना ५५ ॲम्पिअरला २० व्होल्ट. उन्हाळ्याच्या संध्याकाळी मुळात दाब कमी असतो, त्यातून आणखी २० गेले की मोटर गुरगुरत राहते, वेग घेत नाही, आणि वाइंडिंग तापतं. १० चौरस मिमीची तांब्याची केबल टाकली तर तेच नुकसान ३० ॲम्पिअरला तीन व्होल्टच्या आत आणि सुरू होताना पाच.

तांबं परवडत नसेल तर १६ चौरस मिमी ॲल्युमिनिअम घ्या, रोध जवळपास तेवढाच येतो. पण ॲल्युमिनिअम थेट पितळी टर्मिनलमध्ये कोंबायचं नाही. बायमेटल लग (तांबं आणि ॲल्युमिनिअम जोडायचं टोक) दाबून घ्यायचे आणि ते वर्षातून एकदा आवळायचे.

केबल आर्मर्ड, चार कोअरची. आज सिंगल फेज असला तरी उद्या थ्री फेज आला की तीच चालेल. चर ७५ सेंटिमीटर खोल, तळाला वाळू, वाळूवर केबल, पुन्हा वाळू, त्यावर विटांची रांग आणि वर धोक्याची पिवळी पट्टी. गाडी जिथून जाणार तिथं केबल जाड पाइपमधून न्या. दोन्ही टोकांना पितळी ग्लँड हवेत आणि आर्मर दोन्हीकडं अर्थला जोडलेलं हवं. चर बुजवण्याआधी घराच्या भिंतीपासून मापं घेऊन फोटो काढून ठेवा. पाच वर्षांनी तिथं नळाचा पाइप टाकायला येणाऱ्या माणसाला ते दाखवता येतील.

अर्थिंग

सगळ्यात जास्त टाळाटाळ इथं होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या बहुतेक घरांना अर्थ आपल्याच खड्ड्यातून मिळतो. चांगल्या खड्ड्याचा रोध ५ ओहम आला तर लोक खूश होतात. आता हिशेब करा. ग्राइंडरच्या आत फेजची तार सुटून धातूच्या अंगाला लागली. अर्थमधून जास्तीत जास्त प्रवाह जाईल तो २३० भागिले ५, म्हणजे ४६ ॲम्पिअर. ३२ ॲम्पिअरचा सी प्रकारचा एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच) लगेच पडायला किमान १६० ॲम्पिअर लागतात. ४६ वर तो बराच वेळ तसाच उभा राहील, आणि तेवढा वेळ ग्राइंडरचं अंग जिवंत राहील. म्हणजे नुसतं अर्थिंग आणि एमसीबी असून माणूस वाचत नाही. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (प्रवाह अर्थकडं गळला की वीज तोडणारा स्विच) त्याच दोषाला डोळ्याची पापणी लवायच्या आत पडतो. तो पडण्यासाठी अर्थची वाट हवी, आणि अर्थ पुरा पडण्यासाठी तो हवा. दोन्ही एकत्रच घ्यायचे.

खड्डा शेडच्या पायापासून किमान दीड मीटर लांब. ४० मिमीचा जीआय पाइप, अडीच मीटर लांब, भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती). मीठ-कोळशानंही काम भागतं, पण मिठानं पाइप लवकर खातो आणि पावसाळ्यागणिक मीठ वाहून जातं. वर झाकणाचा चौकोनी हौद बांधा म्हणजे जोड दिसत राहील आणि उन्हाळ्यात पाणी घालता येईल. आमची काळी माती या बाबतीत उदार आहे, ओल धरून ठेवते. पन्हाळा, गगनबावड्याकडच्या जांभ्या दगडात मात्र एका पाइपनं आकडा उतरत नाही. तिथं दोन-तीन खड्डे करून एकमेकांना जोडावे लागतात, आणि त्यांच्यात पाइपच्या लांबीइतकं तरी अंतर ठेवावं लागतं. शेडचा अर्थ आणि घराचा अर्थ एकमेकांना जोडून टाका. शेडचे लोखंडी खांब, शटरची चौकट, बाकड्याची लोखंडी फ्रेम, कॉम्प्रेसरची टाकी, सगळं त्याच पट्टीला.

बोर्डाच्या आत

शेडचा स्वतंत्र बोर्ड शटरच्या आतल्या बाजूला, सहज हात जाईल असा. आत शिरल्यावर पहिल्यांदा तोच दिसला पाहिजे. त्याच्यासमोर कधीही काही ठेवायचं नाही.

एकच मोठा आरसीसीबी टाकून सगळं त्याच्यावर देऊ नका. ग्राइंडरनं आरसीसीबी पाडला आणि त्याच्याबरोबर दिवेही गेले, तर हातात अजून फिरणारं चाक आणि भोवती अंधार. दिव्यांचा आरसीसीबी वेगळा, सॉकेटांचा वेगळा, वेल्डिंगचा वेगळा. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनमधून गळणारा प्रवाह शुद्ध एसी नसतो, तिथं ए टाइपचा आरसीसीबी मागा. दुकानदार सवयीनं एसी टाइप देतो, अंगावर छापलेली खूण बघून घ्या.

तीन आरसीसीबी असले की न्यूट्रलच्या पट्ट्याही तीन हव्यात. आरसीसीबी विनाकारण पडतो अशी तक्रार आली की मी आधी न्यूट्रल बघतो. एका आरसीसीबीचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल घेतलेला असतो, त्यामुळं दोन्ही पडत राहतात. मग कोणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतं. ठेकेदाराला आधीच सांगून तीन पट्ट्यांवर चिठ्ठ्या लावून घ्या.

दिव्यांना १.५ चौरस मिमी वायर आणि ६ ॲम्पिअरचा एमसीबी. १६ ॲम्पिअरच्या सॉकेटांना २.५ ची वायर आणि १६ चा एमसीबी. कॉम्प्रेसरला ४ ची वायर आणि २० चा सी प्रकार. वेल्डिंगला ६ ची वायर आणि ३२ चा सी प्रकार. मशीन चालू करतानाच एमसीबी पडत असेल तर डी प्रकार लावा, एमसीबीचा आकडा मात्र वाढवू नका. वायर एफआर किंवा एफआरएलएस (आग न पसरवणारी), आयएसआय छापाची. फेजला लाल, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा. उरलेल्या तुकड्यांतून कसलाही रंग कुठंही वापरू देऊ नका.

पॉइंट कुठं हवेत

जमिनीपासून चार फुटांवर. पेट्रोलची वाफ खाली सरकते, सॉकेटची ठिणगी वर राहू दे. शिवाय चार फुटांवरच्या सॉकेटपुढं पत्रे, टायर, बंपर टेकवून ठेवता येत नाहीत. प्रत्येक लांब भिंतीवर सहा-सहा फुटांवर एक, बाकड्यावर तीन, आणि शटरच्या बाहेर झाकणाचा एक, कारण पॉलिश पेपरचं आणि धुण्याचं काम बाहेरच होतं. वेल्डिंगच्या पॉइंटला निळ्या रंगाचं ३२ ॲम्पिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट घ्या. घरगुती १६ ॲम्पिअरचा टॉप तिथं वितळतो.

पाइप भिंतीवरूनच न्या. वेल्डिंग होणार त्या बाजूला जीआय, बाकीकडं जाड पीव्हीसी. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर लोळत असला की समजायचं, पॉइंट कमी पडलेत.

उजेडासाठी २० वॅटच्या एलईडी पट्ट्या पुरतात, पण त्या गाडीच्या बरोबर वर लावू नका. बॉनेट उघडलं की सगळी सावली इंजिनवर पडते. गाडीच्या दोन्ही कडांच्या बाहेर, लांबीच्या दिशेनं एकेक रांग लावा. बाकड्यावर वेगळी. चासीखाली न्यायचा हातदिवा १२ व्होल्टचाच, बॅटरीवर किंवा ट्रान्सफॉर्मरवर. तेलानं माखलेल्या जमिनीवर उताणं पडून २३० व्होल्टचा दिवा छातीवर घ्यायचा नाही.

हवा

कॉम्प्रेसर शेडच्या बाहेर छोट्या छपराखाली ठेवा. आवाज बाहेर राहतो आणि रंगाची, पेट्रोलची हवा तो आत ओढत नाही. हवेची लाइन अर्धा इंची जीआय, कॉम्प्रेसरकडून पुढं किंचित उतार देऊन. प्रत्येक फाटा लाइनच्या वरच्या बाजूनं काढून मग खाली वळवायचा, म्हणजे पाणी लाइनच्या शेवटी जातं, तुमच्या स्प्रे गनमध्ये येत नाही. पाण्याचा पीव्हीसी पाइप हवेला कधीही लावू नका. दाबाखाली तो फुटतो तेव्हा त्याचे तुकडे उडतात. टाकीच्या तळाचा कॉक रोज संध्याकाळी उघडायचा. जुलैत त्यातून किती पाणी निघतं ते एकदा बघा, मग सांगावं लागणार नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारायचाच नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. ते दिवस इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंगच्या कामाला ठेवा. टू-के पीयू पेंट (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) असेल तर हार्डनरमधल्या आयसोसायनेटसाठी साधा कापडी मास्क काही कामाचा नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर ते काम रंगवाल्याकडं द्या.

वजन उचलणं

चेन ब्लॉक छपराच्या कैचीला (पत्रे पेलणाऱ्या सांगाड्याला) अडकवू नका. कैची पत्र्याच्या आणि वाऱ्याच्या हिशेबानं केलेली असते. दोन्ही बाजूंना ए आकाराचे पाय आणि वर १० फुटांचा आयएसएमबी-१५० बीम, अशी सुटी गॅन्ट्री करून घ्या. पाय एकमेकांना तिरक्या पट्ट्यांनी बांधलेले हवेत. एक टनाचा चेन ब्लॉक तीवर लावला की जीपचं हरिकेन इंजिन गिअरबॉक्ससकट निघतं. इंजिन वर लोंबकळत असताना त्याच्याखाली हात घालून बोल्ट शोधायचा नाही. आधी ते स्टँडवर बसवा.

लेथ घ्यायचा मोह होईल. कोल्हापुरात राहून तो घ्यायची गरज नाही. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग, हेड फेसिंग, बुश टर्निंग, सगळं होतं, आणि तिथल्या लेथवरच्या माणसाचा हात तुमच्यामाझ्यापेक्षा कितीतरी तयार असतो. तुम्ही घरी मजबूत व्हाइस, पिलर ड्रिल, चार इंची ग्राइंडर, चांगली कानस आणि टॉर्क पान्हा ठेवा. जे लागत जाईल ते घेत जा.

आग

सीजे-थ्रीबीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, आणि त्याच सीटखालचा पत्रा हमखास सडलेला असतो. तिथं वेल्डिंग करायच्या आधी टाकी उतरवून शेडच्या बाहेर नेऊन ठेवा. झाकण लावलंय, फडकं टाकलंय, एवढ्यावर काम सुरू करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. टाकीला डाग मारायचा असेल तर ते काम रेडिएटरवाल्याचं.

गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी काढून ठेवा, डायनामो किंवा अल्टरनेटरच्या तारा सोडा, आणि मशीनचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या वितभर अंतरावर लावा. तो लांब लावला तर प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पाडतो. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून चार्जिंग खिडकीपाशी. आधी चार्जरचं बटण बंद, मगच चिमटे काढायचे. दाराशी ६ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर आणि वाळूच्या दोन बादल्या ठेवा. वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास शेडमध्ये थांबा. बॉडीच्या पोकळीत शिरलेली ठिणगी लगेच दिसत नाही.

वीज सुरू करण्याआधी

ठेकेदार गेल्यावर तपासायचं म्हटलं तर कोणी परत येत नाही, म्हणून शेवटचे पैसे देण्याआधी हे त्याच्याकडून तुमच्यासमोर करून घ्या. दिवे आणि यंत्रं सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या यंत्रानं) प्रत्येक सर्किट बघायचं. फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल, तिन्हीत एक मेगओहमच्या वर आकडा हवा. नवीन वायरिंगमध्ये तो खूपच वर येतो. दोन-तीनवर अडकला तर कुठंतरी वायर सोलली गेलीय, किंवा बॉक्समध्ये पाणी आहे. मग अर्थ टेस्टरनं खड्ड्याचं माप. मग वीज देऊन प्रत्येक सॉकेटची पोलॅरिटी, म्हणजे फेज-न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का. मग आरसीसीबीचं बटण दाबून तो पडतो का, आणि टेस्टर लावून तो किती मिलिसेकंदांत पडतो.

शेवटी खरा भार. कॉम्प्रेसरची टाकी पूर्ण रिकामी करून तो सुरू करा आणि त्याच वेळी बोर्डावर व्होल्टमीटर धरा. सुरुवातीचा दाब आणि मोटर उचलतानाचा दाब यांत फार मोठी घसरण दिसली तर शेडच्या मुख्य केबलचे जोड तपासा, आणि मग मीटरपाशी हीच मोजणी करा. तिथंही तेवढीच घसरण असेल तर दोष तुमच्या केबलचा नाही, तक्रार महावितरणकडं करायची.

महिन्याभरानं बोर्डाची वीज मागून, घराकडूनच बंद करून सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या, नव्या जोडांत तार थोडी दबते. आरसीसीबीचं बटण दर महिन्याला दाबायचं. अर्थचं माप दरवर्षी मे महिन्यात घ्या. पावसाळ्यात ओल्या मातीत आकडा चांगलाच येतो, त्यावरून काही कळत नाही. मेमध्ये जो येईल तो तारखेसकट बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.